ताईचा उजवा गाल

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कुलूप लावलं की मी ते ओढून बघते, आणि जिना उतरल्यावर पुन्हा वर येऊन ओढून बघते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस तर माझ्याकडे राहायलाच आलाय. नोकरीही साजेशीच मिळाली. विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासते, म्हणजे दिवसभर शंका घ्यायचाच पगार मिळतो. अशा बाईला डिजिटल कॅमेरा आवडला नसता तरच नवल. खटका दाबला की मागच्या पडद्यावर फोटो हजर. आला? आला. डोळे मिटले? पुन्हा काढा. कित्येक वर्षं मी सुट्टीच्या दिवशी लोकांचे चेहरे टिपत होते, आणि त्यात कधी छाती धडधडली नाही.

"मग हे फिल्मचं खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात?" ताईनं विचारलं होतं. शिरलं त्या पडद्यामुळेच. खटका वाजला रे वाजला की समोरचा माणूस म्हणतो, "दाखव, दाखव." आणि एकदा का त्यानं स्वतःला बघितलं की संपलं. पुढच्या फोटोत हनुवटी वर, पोट आत, ओठ आवळलेले. मला त्याच्या आधीचा चेहरा हवा होता.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात एक जुना फिल्मचा कॅमेरा होता, सगळा धातूचा, चांगला जड. तो घेतला. पहिल्याच रोलला मी अर्ध्यात मागचं झाकण उघडलं. का? फोटो कसे आलेत ते बघायला! सगळा रोल उजेड लागून गेला. काकांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "हसू नका, सवय आहे ती." ते म्हणाले, "बाई, मागे बघायचं विसरा आता. बघायचंच असेल तर ही डावीकडची गोल कळ बघा. एक फोटो झाला की दांडी ओढून फिल्म पुढे घेता ना, तेव्हा ही कळ आपोआप फिरली पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर नुसतेच खटके वाजवताय." मी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. पुढचे दोन-तीन रोल बरे आले. शेजारच्या आजोबांचा फोटो तर इतका चांगला आला की त्यांच्या सुनेनं तो मागून नेला.

आता ताईबद्दल. ताई माझी थोरली बहीण आणि माझ्या अगदी उलट. तिचं पार्लर आहे. दिवसभर आरशापुढे उभी राहून दुसऱ्यांचे चेहरे खुलवायचे आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, हे तिचं काम. लहानपणी अंधारात न्हाणीघरात जायचं झालं की मी तिला उठवायचे, आणि ती झोपेतच म्हणायची, "चल भागूबाई, मी आहे ना."

तिच्या उजव्या गालावर जन्मखूण होती. जांभळट, कानाखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेली. शाळेत पोरं तिला 'नकाशा' म्हणायची. ती एकेकाला धरून बदडायची, पण फोटोच्या वेळी मान आपोआप वळायची. आमचे सगळे अल्बम काढून बघा, तिच्या लग्नाचा धरून. ताई म्हणजे डावा गाल. चुकून कधी दुसरी बाजू आलीच तर मी कॉम्प्युटरवर डाग पुसून द्यायचे, तिच्याच सांगण्यावरून. म्हणजे ती बाजू आहे तशी कुठल्याही फोटोत नव्हती.

आणि त्याच गालात गाठ निघाली. वाईट गाठ. डॉक्टर म्हणाले, जबड्याचा तुकडा काढावा लागेल आणि वरचा गालही, मांडीची कातडी तिथे लावू. भावजी खुर्चीत बसले ते उठेचनात. मी तिथेच रडायला लागले. ताई म्हणाली, "चला, नकाशा बदलायची वेळ आली म्हणायची." डॉक्टरांनाही हसावं की नाही ते कळेना.

दोन दिवसांनी ती माझ्या घरी आली, चपला न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "छोटे, माझ्या उजव्या गालाचा फोटो काढ."

मी बघतच राहिले.

"अशी बघू नकोस. आयुष्यभर हाड्-हाड् केलं बिचाऱ्याला. आता जायला निघालाय तर जीव तुटतोय माझा." मग म्हणाली, "पण तो पडद्याचा कॅमेरा नको. लगेच दिसणार, तू बघणार, हे बघणार, सगळे च्‌ च्‌ करणार. आणि मी बघितला तर ऑपरेशनला जायची नाही, सांगून ठेवते. फिल्मवर काढ. निघालेला असेल, पण कुणी बघितलेला नसेल. सगळं पार पडलं की मग बघू."

मी म्हटलं, "ताई, फिल्मचा काही भरवसा नसतो गं. दोन्हींवर काढू. एक आपला हाताशी असू दे."

"म्हटलं ना, नाही."

ताईनं नाही म्हटलं की ती दगडावरची रेघ.

दवाखान्यात भरती व्हायचं त्या सकाळी तिनं पार्लर आमच्यापुरतं उघडलं. आत गेले तर सगळ्या आरशांवर तिनं केस कापताना गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतात ती काळी कापडं टाकलेली. खिडकीजवळच्या खुर्चीत ती स्वतः बसली होती. उजेड सुरेख येत होता. रोल भरायचा म्हणजे फिल्मचं टोक पलीकडच्या रिळाच्या खाचेत अडकवायचं, मग झाकण लावायचं. मी ते अडकवलं, दांडी ओढली, झाकण लावलं. अडकलंय असं मला वाटलं. कुलूप दोनदा ओढून बघणारी बाई मी, आणि नेमकं तिथे पुन्हा बघितलं नाही. बाहेर गाडीत भावजी बॅग घेऊन बसले होते, आणि त्यांना ताटकळत ठेवायची मला लाज वाटत होती.

सुरुवातीला ताई पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसली. मी खटका दाबला, दांडी ओढली, आणि सवयीनं कॅमेऱ्याच्या मागे बघितलं. तिथे काळं झाकण. पुन्हा खटका, पुन्हा झाकण. ताई म्हणाली, "काय दिसतंय गं त्या झाकणावर? तुझं भविष्य?"

"गप बस. मान वळव, उजवा गाल इकडे."

"वळवते बाई. पन्नाशी उलटली तेव्हा कुठे वळतेय, घाई करू नकोस."

आणि वळली. संपूर्ण उजवी बाजू उजेडात आली. मग ती हसायची थांबली. तिनं गालावर हात ठेवला आणि गालाशी बोलायला लागली. खरंच सांगते, माझ्याशी नाही, गालाशी. "काय रे बाबा, किती छळलं तुला. पावडरीचे थर काय थापले, केस काय पुढे ओढले. लग्नात तर तुला भिंतीकडे करून बसले होते. एक शब्द बोलला नाहीस." बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले, मध्येच हसू आलं, मध्येच ओठ थरथरले. असा चेहरा मी जन्मात बघितला नव्हता, तिचाही नाही आणि कुणाचाच नाही. मी खटका दाबत होते, दांडी ओढत होते, मागे बघत होते. डावीकडे एकदाही बघितलं नाही.

"झालं माझं बोलून," ताई शेवटी म्हणाली. "आता उद्या खुशाल न्या म्हणावं."

मी फोटोंचा आकडा बघितला. रोल छत्तीसचा, आकडा सदतीसवर. एखाददुसरा जास्तीचा निघतो, म्हणून मी उलट खूश झाले. आणखी एक काढला. आणखी एक. चाळीस. दांडी अजून मजेत सरकत होती, तिला कुठे अडतच नव्हतं.

मी डावीकडच्या कळीकडे बघितलं आणि दांडी ओढली. कळ हलली नाही. बोटानं उलटी फिरवून पाहिली तर ती गरागरा फिरली, बादली सुटलेल्या दोरासारखी सैल. फिल्म कधी पुढे सरकलीच नव्हती. टोक खाचेतून निसटलेलं. ताई रडली, हसली, तिनं गालाचा निरोप घेतला, आणि त्या सगळ्या वेळात फिल्म डबीत गुंडाळून झोपली होती.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. ताईनं तोंड पुसलं आणि विचारलं, "झाला रोल?"

माझ्या पिशवीत दुसरा रोल होता. फक्त तोंड उघडायचं होतं. पण तिचा चेहरा असा काही मोकळा झाला होता, रडून झाल्यावर लहान मुलांचा होतो तसा.

"झाला," मी म्हटलं.

"दे इकडे. माझ्याजवळ राहू दे." तिनं हात पुढे केला. मी रोलची डबी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली.

गाडीत ती भावजींना म्हणाली, "अहो, माझा गाल मी यात ठेवलाय. आता काय कापायचं ते कापू दे त्यांना." भावजी कितीतरी दिवसांनी हसले. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर तिचा धीर आत्ता, ऐन वेळी काढून घ्यायचा. न सांगावं तर उद्या तो गालच नसेल, आणि पुढे ती कधीतरी म्हणेल, आता दाखव.

दवाखान्यात कागद झाले, पलंग मिळाला, रक्त काढून नेलं. येईल त्या नर्सला ताई मूठ उघडून डबी दाखवत होती. "उद्या आत न्यायच्या वेळी ही माझ्या बहिणीकडे द्या हं. जपून." शेवटी मी बाहेर गेले आणि ओकले. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून दुसरा रोल भरला. टोक खाचेत घातलं, दांडी ओढली, डावीकडे बघितलं. कळ फिरली. विश्वास बसेना म्हणून आणखी दोन खटके वाया घालवले. फिरली. आता आत जायचं आणि सांगायचं.

दारापर्यंत गेले आणि परत आले. पाणी प्यायले, पुन्हा गेले, पुन्हा परत आले. भावजी चहा आणायला गेलेले, एरवी त्यांच्याकडूनच वदवलं असतं. एवढ्यात डॉक्टर दोन शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आत गेले. सुटले, असं वाटलं मला! लाज नाही वाटली, सुटले असंच वाटलं. ते बाहेर आल्यावर मात्र मी मन घट्ट केलं आणि आत गेले.

ताई उशीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या गालावर शाईच्या रेघा होत्या. कानापासून हनुवटीपर्यंत एक ठसठशीत रेघ, तिच्या आत तुटक रेघा, ओठाच्या कोपऱ्याशी एक फुली. उद्या कुठून कापायचं त्या खुणा.

मी तिकडे बाकावर बसून धीर गोळा करत होते, आणि इकडे तो गालही हातचा गेला होता. "हे... हे पुसता येईल?" मी विचारलं. शेजारच्या पलंगाजवळची नर्स ओरडली, "अहो, हात लावू नका! तीच तर खूण आहे."

"काय झालं?" ताई म्हणाली. "तुझं तोंड बघ कसं झालंय. ऑपरेशन तुझं आहे की माझं?"

मी पलंगाच्या कडेला बसले. "ताई, सकाळचा रोल... फिल्म अडकलीच नव्हती. सरकलीच नाही. काही आलं नाही त्यात."

तिनं मूठ उघडली. डबीकडे बघितलं. "रिकामी आहे?"

"फिल्म आहे. तू नाहीस."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला तिच्या ओरडण्याची सवय आहे. ती नुसती डबीकडे बघत राहिली. मग डबी चादरीवर ठेवली, अगदी हळू, आणि तिचा हात कापायला लागला. मग दुसरा हात. मग खांदे. मला आधी कळलंच नाही काय होतंय. ताईला कापताना मी कधी बघितलंच नव्हतं.

"छोटे," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय गं."

तिनं माझा डावा हात इतक्या जोरात धरला की बांगडी मनगटात रुतली.

"खूप भीती वाटतेय. सकाळी ते सगळं नाटक होतं. नाही, नाटक नाही, पण... मी उठलेच नाही तर? उठले आणि मला कुणी ओळखलंच नाही तर? यांना सांगता येत नाही. ते कोसळतील. सगळे आपले म्हणतात, ताई म्हणजे वाघीण. कसली वाघीण आणि कसलं काय."

माझ्याकडे घाबरण्याचा आयुष्यभराचा अनुभव, पण धीर द्यायचा शून्य. 'मी आहे ना' हे वाक्य आमच्या घरात नेहमी तीच म्हणायची. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मलाही वाटतेय, ताई."

ती माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "कॅमेरा आणलायस?"

"आणलाय. पण या रेघा..."

"असू देत. काढ. आहे तसा काढ."

"हात सोड मग."

"हात नाही सोडणार."

नर्स म्हणाली, वॉर्डात फोटो काढता येत नाहीत. ताईनं तिच्याकडे नुसतं बघितलं, आणि ती दुसऱ्या पलंगाकडे वळली. वरच्या ट्यूबलाइटचा उजेड अगदीच कमी होता. एवढ्या उजेडात कॅमेरा सावकाश चालवावा लागतो, आणि जरा हलला की फोटो गेला. दोन्ही हात असतानासुद्धा माझे थरथरतात. मग मी जेवणाचं सरकतं टेबल पलंगावर ओढलं, त्यावर कॅमेरा ठेवला, त्याच्यामागे वाकले आणि एका हातानं फोकस लावला. ताई माझ्याकडे बघत होती, कॅमेऱ्याकडे नाही. मी श्वास रोखून खटका दाबला. अंगठ्यानं दांडी ओढली आणि डावीकडे बघितलं. कळ फिरली. पुन्हा दाबला, पुन्हा बघितलं. पाच-सहा फोटो झाले असतील, तेवढ्यात भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. हात तिनं अगदी शेवटी सोडला.

ऑपरेशन खूप लांबलं. त्या वेळाबद्दल मी काही लिहिणार नाही, मला जमणार नाही. ताई वाचली. नाकात नळी, गळ्याला भोक, पाटीवर लिहून बोलणं, हे सगळं झालं. गालाच्या जागी फिकट कातडीचा एक फुगीर तुकडा आला, आणि ओठ त्या बाजूला हलेना. पहिल्यांदा आरशात बघितलं तेव्हा तिनं पाटीवर लिहिलं, 'शिवण बरी आहे, पण कापड मॅचिंग नाही.' भावजी हसता हसता बाहेर निघून गेले, रडायला.

त्या रोलबद्दल ती एक शब्द बोलत नव्हती, आणि मी विचारत नव्हते. रोल काकांकडे देऊन आले होते. त्यांनी तो धुतला, त्यांना त्यातल्या त्यात बरा वाटला तो एक फोटो मोठा करून पाकिटात घालून दिला, आणि मी ते पाकीट न उघडता कपाटात ठेवलं. कुणी बघितलेला नसेल असं ठरलं होतं आमचं. कामावर असतानासुद्धा ते पाकीट मला आठवायचं. वाटायचं, ती उघडेल आणि मोडून पडेल. रेघा मारलेला तो गाल बघून म्हणेल, तू सकाळी तोंड का नाही उघडलंस?

ती थोडं थोडं बोलायला लागली, एका बाजूनं, अडखळत. मग एक दिवस पार्लरच्या त्याच खुर्चीत बसली असताना म्हणाली, "आण."

मी पाकीट आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं फोटो बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. मीही तेव्हाच बघितला. काळापांढरा, थोडासा हललेला. गाल स्पष्ट होता. डाग होता, पूर्ण, त्यावर तुटक रेघा आणि ती फुली. पण ताई गालाकडे बघतच नव्हती. तिचं बोट फोटोतल्या डोळ्यांवर होतं. ते डोळे मोठे झालेले, गर्दीत हरवलेल्या पोरीसारखे, थेट माझ्याकडे लागलेले.

मग ती तोंडाच्या हलणाऱ्या बाजूनं सावकाश म्हणाली, "हिला... कुणी सांगितलं नाही का गं... वाचशील म्हणून?"

"मला तरी कुठे माहीत होतं, ताई."

तिनं मान हलवली. मग फोटो उचलून तोंडाजवळ धरला आणि त्या बाईला म्हणाली, "घाबरू नकोस गं. मी आहे ना."